न टाकलेले चार बॉल

हे कुणाला सांगायचं नाही, असं शाल्मलीताईने मला बजावलं आहे. मी सांगत नाहीये. स्कोअरबुकच्या मागच्या पानावर लिहिते आहे.

"सर, नागपूर की पुणे?" ताईने विचारलं.

ढोरे सर मैदानावर फक्कीने पांढऱ्या रेषा मारत होते. ते सत्तरीचे आहेत, पण आमचा सॉफ्टबॉल अजून तेच शिकवतात. शाल्मलीताई आमची पिचर. यंदा बारावी झाली.

"नागपूरला खेळाच्या कोट्यातून प्रवेश आहे. सकाळ-संध्याकाळ सराव. पुण्याला संख्याशास्त्र आहे, पण तिथे खेळायला वेळ नाही मिळणार. आज पाचपर्यंत कुठेतरी हो म्हणायचंय. दोघांनाही मीच पाहिजे, सर."

"बिचारे," सर म्हणाले.

...

मग त्यांनी चष्म्यावरच कॅचरचा मास्क चढवला आणि प्लेटमागे उकिडवे बसले. गुडघे कटकन वाजले.

"चेंडू घे, पोरी. वाकोडे, तू बॅट धर."

"मी स्कोअर लिहिते, सर."

"मग आज स्वतःचा लिही."

कॅचर बोटांनी खूण करतो. पटली तर पिचर मान डोलावते आणि टाकते. नाही पटली तर मान हलवते. पण वेळेत टाकलं नाही, तर वाईट चेंडू टाकल्यासारखा एक 'बॉल' मोजतात, आणि असे चार झाले की बॅटरला पहिला बेस फुकट.

सरांनी एक बोट दाखवलं. "नागपूर."

ताईने मान हलवली. "अभ्यास बुडेल."

"वेळ संपला. एक बॉल."

दोन बोटं. "पुणे."

"हात गंजेल माझा!"

"दोन बॉल."

तीन बोटं.

"हे काय, सर?"

"घरी बस. आईला पापड लाटू लाग."

ताईने इतक्या जोरात मान हलवली की टोपी पडली.

"तीन बॉल."

चौथ्यांदा सरांनी नुसती मूठ दाखवली. ताई मुठीकडे बघत राहिली...

"चार बॉल. जा वाकोडे, पहिल्या बेसवर."

मी आजवर एकदाही बेसवर गेलेले नाही. बॅट खांद्यावरच ठेवून, वही काखेत धरून चालत गेले.

"हे काय!" ताई चिडली. "मी एकही वाईट चेंडू टाकला नाही!"

"खरं आहे."

"मग ही कशी गेली?"

"तूच तर पाठवलीस."

...

ताई बराच वेळ चेंडू हातात फिरवत होती. मी बेसवरून निघायला लागले, तर सर म्हणाले, "तिथंच थांब. चेंडू तिच्या हातून सुटेपर्यंत बेस सोडायचा नाही." म्हणून बेसवर उभी राहूनच लिहिते आहे. शाळेच्या घड्याळात पावणेपाच झालेत.

सरांनी पुन्हा खूण केली. किती बोटं, ते इथून दिसत नाही. ताईने या वेळी मान डोलावली. हात गरकन फिरला. तिचा चेहरा बघून मला तर वाटतं, की तिने

"वाकोडे, वही टाक! चेंडू सुटला तिच्या हातून, आता तू काहून चिकटलीस?"