अंतराचा नियम

"पण वस्ताद, तलवार घेतो कोण?" शार्दूलनं विचारलं.

वस्ताद सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"सहा महिने चार गावांत माझा खेळ खेळवून बघतोय. दहातले नऊ जण धनुष्य मागतात. लांब उभं राहायचं, बाण सोडायचा, अंगाला ओरखडा नाही. तलवारवाल्यानं मात्र जवळ जायचं आणि मार खायचा. मग तलवार घ्यावी का कोणी?"

"घ्यावी का..." वस्ताद म्हणाले, आणि पुन्हा सुपारीकडं वळले.

वस्ताद म्हणजे हणमंतराव पोरे. मिरजेतल्या एका छापखान्यात त्यांनी चाळीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवले. छापखाना बंद पडला तेव्हा उरलेले खिळे वितळवून त्यांनी बोटभर उंचीची शिशाची माणसं ओतली आणि दर रविवारी दुपारी आपल्या माडीवर हा खेळ मांडला.

चौकटी आखलेला मोठा कागद, वीस बाजूंचा फासा, आणि प्रत्येकाचं एक पात्र. समोर भुयार आहे की राक्षस, ते वस्ताद सांगणार. आपण काय करतो ते आपण सांगायचं. घाव लागला की हुकला ते फासा ठरवणार. आधी आम्ही चेष्टेनं त्यांना वस्ताद म्हणायचो. पुढं चेष्टा कधी गळून पडली कळलं नाही.

शार्दूल गुळवणी त्यांचा सगळ्यात हुशार चेला. हे त्यालाही ठाऊक होतं, तेवढीच अडचण. पुण्याला जाऊन त्यानं स्वतःचा खेळ रचला. त्याच्या नियमांचं पुस्तक आठ दिवसांनी छापायला जाणार होतं. त्याचा कच्चा खर्डा घेऊन तो आज आला होता.

फिरोज गेल्यानंतर तो पहिल्यांदाच आला होता.

फिरोज मुजावर त्याचा जिवलग. आठ वर्षं या कागदावर शार्दूल धनुर्धारी, फिरोज तलवारवाला. मी वैद्य, म्हणजे बाकीच्यांनी मार खाल्ल्यावर मलम लावणारा. मग फिरोजची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. दहा महिने तो झिजत गेला. शार्दूल रोज मेसेज पाठवायचा, 'येतो' म्हणायचा, आणि आला नाही. मातीलाही आला नाही. मला त्याचा राग होता, खोटं कशाला बोलू.

फिरोजच्या अम्मी पलीकडच्याच गल्लीत राहतात. स्टेशनवरून येताना शार्दूल त्या गल्लीला वळसा घालून आला. मी खिडकीत होतो, मला दिसलं.

"मग तू काय उपाय केलास?" वस्तादांनी विचारलं.

"तलवारीचा घाव दुप्पट केला."

"मग?"

"मग धनुष्य कोणी घेईना."

"मग?"

"घाव पुन्हा कमी केला आणि भात्यातले बाण मोजके ठेवले. लोक बाण संपले की पळून जायला लागले. शत्रू शेजारी आला तर नेम चुकेल असा नियम केला, तर सगळे आणखी मागं सरकले."

मला हसू आलं. कुणीच हसलं नाही म्हणून मी खोकलो.

"आण ते पुस्तक."

वस्तादांनी चष्मा लावला. पानं उलटली. एका पानावर थांबून मोठ्यानं वाचलं.

"'नियम सातवा. अंतर. जो अंतर राखतो, त्यास वार लागत नाही.'"

बराच वेळ ते त्या ओळीकडं बघत राहिले.

"शुद्धलेखन बरं हाय," ते म्हणाले.

शार्दूलचे कान लाल झाले. "वस्ताद, मला नियम हवाय. इथं आठ वर्षं तोल कसा राहिला? तुमच्याकडं तर काहीच नव्हतं. तलवारीला काही जादा नव्हतं, धनुष्याला काही कमी नव्हतं. तरी फिरोज..."

तो थांबला.

"फिरोज काय?"

"फिरोज दर वेळी तलवारच घ्यायचा."

"कशापायी?"

"आवडायची त्याला. पुढं होऊन भिडायचं. स्वभावच तसला."

वस्तादांनी अडकित्ता खाली ठेवला. उठले. फळीवरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि त्यातून एक पिवळा पडलेला कागद शार्दूलपुढं ठेवला. फिरोजच्या पात्राचा कागद, पहिल्या रविवारचा. नाव, बळ, चपळाई, सगळं पेन्सिलीनं लिहिलेलं.

"शस्त्राची ओळ बघ."

"तलवार," शार्दूलनं वाचलं.

"वाचू नको. बोट फिरव."

शार्दूलनं बोट फिरवलं. तिथं कागद पातळ झाला होता. त्यानं तो उचलून खिडकीच्या उजेडात धरला. मीही मागून वाकलो. खोडरबरानं घासलेलं होतं, तरी पेन्सिलीचा दाब राहिला होता.

धनुष्य.

"तू यायच्या आधी भरलावता त्यानं," वस्ताद म्हणाले. "तू जिना चढता चढताच वरडलास, धनुष्य माझं! त्यानं माझ्याकडं खोडरबर मागितलं. म्हणाला, कुणीतरी म्होरं पायजे की."

रस्त्यावरून कल्हईवाला ओरडत गेला.

"मला कधी कळलं नाही," शार्दूल म्हणाला.

"तू मागं हुतास. मागनं निस्ती पाठ दिसती."

शार्दूलनं कागद खाली ठेवला. पुन्हा उचलला. ठेवायला जागा सापडत नसल्यासारखा तो हातातच धरून बसला.

"मी रोज मेसेज पाठवायचो, वस्ताद. दवाखाना शोधून दिला, डॉक्टरांशी बोललो. एक दिवस चुकलो नाही."

"ठावं हाय. तुझा नेम कवाच चुकत न्हाई."

हे त्यांनी इतक्या मायेनं म्हटलं, की मलाच ते सहन होईना.

"लढाईला तोंड फुटलं," वस्ताद म्हणाले, "की वळून न बघता तो तुला काय सांगायचा?"

आम्हा सगळ्यांना पाठ होतं ते. फिरोजचा नेहमीचा विनोद होता, आणि आठ वर्षं आम्ही त्याला हसत आलो होतो.

"अंतर ठेव, शार्दूल..." शार्दूल म्हणाला.

"फुडं?"

शार्दूलनं पुस्तक जवळ ओढलं.

"फुडं रं?"

"...पण अंतर देऊ नको."

आणि तो रडला. सातव्या नियमावर तोंड टेकून, लहान पोरासारखा हमसून रडला. माझा राग तिथंच संपला. मी पाण्याचा तांब्या पुढं केला, पण वस्तादांनी डोळ्यांनीच मला थांबवलं.

"भ्यालो मी," शार्दूल म्हणाला. "त्याला तसं बघायला भ्यालो. तो मला म्हणायचा, ये रे एकदा. मला वाटायचं, गेलो की खरं होईल सगळं."

"व्हय," वस्ताद म्हणाले.

त्यांनी त्याची समजूत घातली नाही, की त्याला दोष दिला नाही. मग ते चौकटींच्या कागदाकडं वळले. वैशाखात फिरोज गेला तेव्हा थांबलेला डाव तसाच मांडलेला होता. भुयाराच्या तोंडाशी, दाराच्या चौकटीत, फिरोजचा शिशाचा तलवारवाला उभा होता. तो नेहमी तिथंच उभा राहायचा, म्हणजे मागच्यांपर्यंत कुणी पोचायचं नाही. वैशाखापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. धूळ झटकायलाही नाही.

वस्तादांनी तो उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि शार्दूलच्या तळहातावर ठेवला.

"अम्मी दर रविवारी इचारत्यात. शार्दूल आलाय काय म्हणून."

शार्दूलनं मूठ मिटली.

"हितनं त्येंचं दार किती चौकटी?"

"एका चौकटीला पाच फूट..." त्यानं डोळे पुसत हिशेब केला. "चाळीसेक असतील."

"आन् धनुष्याचा पल्ला?"

"तीस चौकटी."

वस्तादांनी मान हलवली.

शार्दूल उठला. पुस्तक तिथंच राहिलं. जिन्याच्या तोंडाशी जाऊन तो अडखळला. पाठमोराच होता.

"चार महिने झाले, वस्ताद. आता जाऊन त्यांच्याशी काय बोलू?"

"दर भुयारात, पयल्याच डावाला, फिरोज काय बोलायचा?"

शार्दूलनं मुठीतलं शिसं घट्ट धरलं.

वस्तादांनी अडकित्ता उचलला.

"'मी दारात उभा राहतो.'"