तणमोराच्या तीन उड्या

एका राज्यात माळावरच्या गवताला विळा लावायचा नाही, असा हुकूम होता. का, ते ऐका. मग राजाला हसायचं की त्याच्यासाठी रडायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा.

गवतात राहणाऱ्या तणमोर पाखरांच्या त्या माळावर काळदंत मांत्रिकाचा डोळा होता. राजा सुमेधाने माळ द्यायचं नाकारलं. तेव्हा मांत्रिकाने तिथल्या खडकावर लोखंडी चोचीचा ससाणा बसवला आणि शाप दिला, "इथे जो तणमोर मादीसाठी उडी घेईल, तो माझ्या ससाण्याचा घास! त्याच्यादेखत कुणी तीन उड्या पुऱ्या केल्या आणि मादी जवळ येऊन उभी राहिली, तरच ससाण्याचा दगड होईल."

तणमोराची रीतच तशी. मादीला दिसावं म्हणून नर गवताच्या वर उंच उडी घेतो. राजा पडला मायाळू. पाखरं झाकली जावीत म्हणून त्याने गवत माणसाच्या डोक्यावर जाईल इतकं वाढू दिलं. पाखरं वाचली हो! पण नर मादीला दिसेना. मग कसली अंडी आणि कसली पिल्लं? आगीतून फुफाट्यात, दुसरं काय! जुनी पाखरं मरत गेली, नवी जन्मली नाहीत. तीन वर्षांनी उरला एक नर आणि एक मादी.

नराचं नाव तुरेबाज. माळ राखणाऱ्या सगुणाने त्याचं अंडं ओटीत ठेवून उबवलं होतं. तिला मूलबाळ नव्हतं, सारा जीव त्याच्यावर. तो माणसासारखा बोले आणि त्याचं कुणाला नवल वाटत नसे.

एके सकाळी तो म्हणाला, "माई, गवत काप."

"खुळा की काय? ससाण्याला दिसशील!"

"तिलाही दिसेन."

"पुढच्या साली बघू."

"पुढच्या साली माझ्या पायांत हा जोर नसेल, तिचीही अंडी घालायची उमर सरेल. मी रोज तोलून पाहतो, माई. आज पारडं जेमतेम उडीकडे झुकलंय."

सगुणा राजापुढे उभी राहिली. तिने तुरेबाजचं म्हणणं सांगितलं. राजा म्हणाला, "बाई, गवत कापलं तर तो दिसेल."

"दिसायलाच हवा, महाराज. आपण त्याचा जीव राखला आणि वंश बुडवला."

राजाचा चेहरा उतरला. "आणि तो मेला तर?"

"तर मी जन्मभर रडेन. पण हे त्याचं मागणं आहे."

राजाने हुकूम मागे घेतला. सगुणाने स्वतःच्या हाताने गवत गुडघ्याइतकं छाटलं.

तुरेबाजने पहिली उडी घेतली. ससाण्याने नुसती मान वळवली. मादी गवताच्या कडेला आली आणि तिथेच थबकली.

दुसऱ्या उडीला ससाणा सुटला. पंजा पाठीवरून घासला, पिसं उधळली, तुरेबाज रक्ताळून गवतात पडला. सगुणाने धावत जाऊन पदर पसरला. "पुरे रे बाळा! ये आत. ती काही यायची नाही."

"ती तोलतेय, माई. अंडी तिला उबवायची, पिल्लं तिला वाढवायची. ती मेली तर सगळंच बुडालं. तिने घाई का करावी? बाजूला हो."

सगुणाने पदर आवरला. अरे देवा, त्या माउलीच्या काळजाचं काय झालं असेल!

तिसरी उडी! आधीच्या दोन्हींहून उंच, जखमी पाठीनिशी. ससाणा पंख मिटून खाली झेपावला. आणि तीच मादी, इतका वेळ पाऊल न उचलणारी, उघड्या माळावरून धावत सुटली. ससाण्याने तिला पाहिलं. हा धरू की ती? एक पळभर त्याचं चित्त दुभंगलं. तेवढ्यात तुरेबाजचे पाय जमिनीला टेकले आणि मादी त्याच्या शेजारी उभी राहिली. ससाण्याचा हवेतच दगड झाला आणि तो दोघांपासून हातभर अंतरावर आदळला. काळदंताची विद्या तिथेच आटली.

मादीने चार अंडी घातली. डोंगरापलीकडून आणखी माद्या उतरल्या, आणि राजा दर साली माळाचं गवत बेताने कापवू लागला. पाठीची जखम भरल्यावर तुरेबाज पुन्हा माळावर उभा राहिला.

सगुणा म्हणाली, "आता नाच बाबा निर्धास्त."

"निर्धास्त कसला? वर घार आहे, ओढ्यात कोल्हा आहे."

"मग रे?"

तुरेबाजने एकवार आभाळ पाहिलं, एकवार ओढा पाहिला, आणि उडी घेतली.