वरची काडी

जनावरंही शेकोटी करत, त्या काळातली ही गोष्ट. डोंगरावरचं लाकूड मोडायचा तो एकटा हत्ती. पायथ्याशी साळिंदर आणि घोरपड त्याच्याकडून लाकूड घेऊन मोळ्या विकत. भाव सारखाच, ओंजळभर बोरं. पण गिऱ्हाईक शेजारी वळू नये म्हणून दोघंही मोळीवर एक काडी जास्तीची ठेवत.

एका थंडीत हत्तीनंच पायथ्याशी दुकान मांडलं. म्हणाला, "मधले हात कशाला? मोळी अर्ध्या ओंजळीत न्या." खारीची पिल्लं नुकतीच जन्मलेली. तिचा जीव भांड्यात पडला.

साळिंदर तिला म्हणालं, "खारूताई, हत्ती हल्ली आम्हाला ओलंच लाकूड देतो, आणि तेही उशिरा. आमच्याकडे कोण येणार?"

खारीच्या काळजात चर्र झालं. पण पिल्लं गारठली होती. ती हत्तीकडेच जात राहिली. आधी घोरपडीनं दुकान उचललं, मग साळिंदरानं.

पुढच्याच आठवड्यात मोळीचा भाव दोन ओंजळी झाला. ढोलीत पिल्लं एकमेकांच्या अंगाखाली शिरत होती. खारीनं होती नव्हती ती बोरं हत्तीपुढे ओतली आणि भीत भीत विचारलं, "हत्तीदादा, वरची काडी?"

हत्ती रागावला नाही. अगदी मायेनं म्हणाला, "इथं परवडत नसेल, तर शेजारी बघ की."

खारीनं शेजारी पाहिलं. साळिंदराच्या जागेवर त्याचे दोन काटे तेवढे पडले होते.