मधले दोन तास

एकदा एक प्राध्यापक स्वतःच्या हातांनी विमान बांधत होता. दोन माणसांपुरते, छोटे. वय त्रेचाळीस, विषय भौतिकशास्त्र, आणि गावाबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत भाड्याने घेतलेली एक पत्र्याची शेड. पंख झाले होते, इंजिन बसले होते, रंगही लागला होता. राहिली होती ती वीज. त्या एका गोष्टीसाठी त्याने शेजारच्या गाळ्यातल्या एका वृद्ध कारागिराचे शिष्यत्व पत्करले होते.

हा कारागीर चाळीस वर्षे ट्रक, बस आणि उसाच्या ट्रॅक्टरांचे अल्टरनेटर दुरुस्त करीत आला होता. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज निर्माण करणारे ते यंत्र त्याच्या हाताखालून हजारांनी गेले होते. विमानाला त्याने आयुष्यात हात लावला नव्हता. पण प्राध्यापकाने पहिल्या दिवशी आपला अल्टरनेटर समोर ठेवला तेव्हा तो म्हणाला होता, "ट्रकात बसव नाहीतर विमानात, याला कुठं कळतंय आपण किती उंचावर आहोत ते." सगळी वसाहत त्याला आबा म्हणे. आबा शिष्याला 'प्रोफेसर' म्हणत. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

तो मे महिन्यातला गुरुवार होता. वसाहतीत गुरुवारी वीज नसते, म्हणून आजूबाजूच्या गाळ्यांत यंत्रांचा आवाज नव्हता. आबा विमानाच्या पुढच्या आसनात बसून प्राध्यापकाने जोडलेले पॅनेल पाहत होते. एक स्विच बॅटरीचा, एक अल्टरनेटरचा.

"हे दोन वेगवेगळे का ठेवलेस?"

"मुद्दाम, आबा. बॅटरीत काही बिघाड झाला तर हवेत असतानाच ती एकटी बंद करता येईल. अल्टरनेटर आहेच की. सगळी उपकरणं त्याच्यावर चालत राहतील."

"असं म्हणतोस."

"का? चुकलं काही?"

आबा उत्तर देणार तोच त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी ऐकून घेतले. "बरं," एवढेच म्हणाले. फोन खिशात ठेवला, हातातल्या पान्याने अर्धा आवळलेला नट पूर्ण आवळला आणि पायरीचा अंदाज घेत खाली उतरले.

"मला निघायला हवं."

आबांची पत्नी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळून होती, हे प्राध्यापकाला ठाऊक होते. त्याने विचारले, "काकूंना जास्त झालंय का?"

"नाही," आबा हात पुसत म्हणाले. "आता जास्त व्हायचं काही राहिलं नाही."

तेरावा झाला आणि त्यानंतरच्या सोमवारी सकाळी आठ वाजता आबांनी गाळ्याचे शटर वर केले. कोणी काही विचारण्यापूर्वीच त्यांनी एक अल्टरनेटर खोलायला घेतला. प्राध्यापकाला हायसे वाटले. ते वाटल्याची थोडी लाजही वाटली. पण त्याची अडचण खरी होती. तीन आठवड्यांनी, शनिवारी, निरीक्षक विमान तपासायला येणार होता. त्याने संमती दिली की पावसाआधी एकदा तरी विमान उडवता येणार होते. सहा वर्षांचे काम होते ते. आणि पॅनेल आबांनी पाहून मान डोलावल्याशिवाय ते बंद करायला त्याचे मन धजत नव्हते.

त्या सोमवारी बारा वाजले आणि आबांनी हातातले काम तसेच ठेवले. सायकल काढली आणि घराकडे निघाले. दोनला परत आले. मंगळवारीही तसेच. बुधवारीही.

पत्नी असताना ते रोज असेच जात. त्यात नवल नव्हते. पण आता?

"जेवायला जातात म्हणावं तर डबा इथंच खातात अकराला," शेजारचा लेथवाला म्हणाला. "मी सांगतो, बँकेत वारसाचे कागद असणार."

"रोज?"

"मग पोस्टात."

"दोन तास?"

"तुम्ही कधी पोस्टात गेलेला नाही वाटतं, प्रोफेसर."

प्राध्यापकाला स्वस्थ बसवेना. निरीक्षण करणे हा त्याचा पेशाच होता. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या लक्षात आले की आबा आता दोनला नव्हे, तर दोनला दहा मिनिटे कमी असताना परततात. सोमवारपासून शनिवारपर्यंत रोज, मिनिटाचाही फरक नाही. तिसऱ्या आठवड्यात ती वेळ आणखी दहा मिनिटांनी अलीकडे आली. मापून घेतल्यासारखी अचूक. दुःखात माणूस भ्रमिष्ट होतो हे त्याने ऐकले होते, पण घड्याळ लावून भ्रमिष्ट झालेला माणूस त्याने पाहिला नव्हता. यामागे काय असावे, याचे त्याने चार-पाच तर्क केले आणि एकही त्यालाच पटला नाही.

बुधवार आला. निरीक्षक यायला तीन दिवस उरले. बाराला आबा सायकलकडे वळले तेव्हा प्राध्यापक आडवा उभा राहिला.

"आबा, एक विनंती आहे. शनिवारी ते साहेब येणार. तुम्ही हे तीन दिवस दुपारी थांबलात तर पॅनेल पुरं होईल. नाहीतरी घरी आता..."

"घरी आता कोण आहे," आबांनी वाक्य पुरे केले. "असंच ना?"

"तसं नव्हतं म्हणायचं."

"तसंच होतं. त्यात वाईट काय. चल, आत ये."

गाळ्याच्या कोपऱ्यात अल्टरनेटर तपासण्याचे टेबल होते. मोटरच्या पट्ट्यावर आबांनी भंगारातला एक जुना अल्टरनेटर चढवला. त्याला एक जुना रेग्युलेटर जोडला. विजेचा दाब ठरलेल्या मर्यादेत राखणे हे रेग्युलेटरचे काम. दाब वाढू लागला की तो अल्टरनेटरच्या आतल्या चुंबकाला आवरतो, कमी झाला की मोकळे सोडतो. मग आबांनी ट्रकची एक पूर्ण उतरलेली बॅटरी ओढत आणली आणि तिच्या बाजूला हेडलाइटचा एक बल्ब आणि दाब दाखवणारा काटा लावला. मोटर सुरू केली.

अल्टरनेटर फिरू लागला. काही क्षणांत त्याचा आवाज खोल गेला, चढावर भरलेली बैलगाडी लागावी तसा.

"काय करतोय तो?" आबांनी विचारले.

"बॅटरी रिकामी आहे. तिला भरतोय. जेवढं आहे तेवढं सगळं तिला देतोय."

"काटा किती?"

"चौदाच्या जरा खाली."

"बल्ब?"

"शांत आहे."

"आता बॅटरीची वायर काढ."

"चालू असताना?"

"तुझ्या विमानात तू तेच करणार आहेस. स्विच वेगळा ठेवलायस ना त्यासाठी?"

प्राध्यापकाने वायर ओढली.

बल्ब पांढराफटक पेटला आणि विझला. काटा पार टोकाला आपटला. जळक्या वार्निशाचा वास गाळाभर पसरला. आबांनी मोटर बंद केली, रेग्युलेटर उचलून शिष्याच्या हातात दिला. तो गरम होता आणि एका कडेला फुगला होता.

यामागचे शास्त्र प्राध्यापकाला माहीत नव्हते असे नाही. चुंबकीय क्षेत्र क्षणात नाहीसे होत नाही, हे तो दरवर्षी जुलैमध्ये फळ्यावर आकृती काढून शिकवीत असे. पॅनेल जोडताना मात्र ते त्याला आठवले नव्हते. त्याच्या मनात बॅटरी म्हणजे फक्त साठा होता. साठा काढला तर साठाच जाईल, एवढाच त्याचा हिशेब होता.

आबा स्टुलावर बसले. "या रेग्युलेटरचा दोष नाही. भार गेल्याचं त्याला लगेच कळलं, त्याने लगेच हात आखडता घेतला. पण आत जे चुंबक आहे ना, ते भर जोरात होतं. त्याला उतरायला वेळ लागतो. आपल्या हिशेबानं तो वेळ डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतो. पण तेवढ्यात अल्टरनेटर देतच राहतो. जी घेत होती ती तर निघून गेली. मग ते देणं जातं कुठं? जो कोणी समोर सापडेल त्याच्यावर. बल्बवर. रेग्युलेटरवर. तुझ्या विमानात रेडिओवर जाईल, उंची दाखवणाऱ्या काट्यावर जाईल. पुढं तू ढगात बसशील चाचपडत."

"म्हणजे आधी अल्टरनेटर शांत करायचा, मग बॅटरी सोडायची."

"आणि स्विच असा जोडायचा की उलटं करायचं म्हटलं तरी करता येऊ नये. बॅटरी बंद केली की अल्टरनेटर आपोआप बंद. माणूस घाबरला की क्रम विसरतो."

प्राध्यापक हातातला रेग्युलेटर उलटापालटा करीत होता. थोड्या वेळाने त्याने हळूच विचारले, "आणि बॅटरी आपणहून गेली तर? आपल्याला स्विच दाबायची संधीच दिली नाही तर?"

आबांनी दाराबाहेर उभ्या असलेल्या सायकलकडे पाहिले.

"तिला सांभाळणारी सकाळची बाई बाराला जायची," ते म्हणाले. "दुसरी दोनला यायची. मधले दोन तास माझे. कूस बदलायची, पेज भरवायची, ओठ पुसायचे, हाताची बोटं एकेक करून उघडायची. सव्वादोन वर्षं. मी देत होतो आणि ती घेत होती. एका गुरुवारी वायर निघाली. पण हे हात," त्यांनी तळवे गुडघ्यांवर उघडे ठेवले, "हे बाराला अजून तयार होतात. पहिल्या सोमवारी मी ठरवलं होतं की जायचं नाही. साडेअकरालाच त्या लेथवाल्यावर इतका ओरडलो. बिचारा पक्कड मागायला आला होता."

"तो काही बोलला नाही."

"बोलणार नाही. भला माणूस आहे. थट्टा करतो, पण भला आहे. तेव्हा मला कळलं की हे कुणावर तरी जाणार. म्हणून जातो. तिथं खुर्चीवर बसतो. काही करत नाही. आठवड्याला दहा मिनिटं कमी करतो. एकदम बंद करायचं नाही, आणि कायम चालू ठेवायचं म्हटलं तर मी पण जळेन. हळूहळू उतरवतोय."

बारा वाजून वीस मिनिटे झाली होती. आबा उठले. "आज उशीर झाला. परत मात्र ठरल्या वेळेलाच येईन."

सायकल वळणाआड गेली. प्राध्यापक शेडमध्ये आला आणि पॅनेलसमोर उभा राहिला. दोन्ही स्विच एकमेकांना जोडायचे म्हणजे पाठीमागचा वायरींचा सगळा जुडगा सोडवून पुन्हा बांधावा लागणार होता. आबांच्या हाताशिवाय ते व्हायचे नाही, आणि आबांचा हात सकाळी आणि संध्याकाळीच होता. तीन दिवसांत ते बसत नव्हते. दुपारचा वेळ पुन्हा मागायचा नाही, हे मात्र त्याने ठरवून टाकले होते. त्याने निरीक्षकाला फोन लावला.

"आमच्याकडून तयारी नाही साहेब. वीज पुन्हा जोडायची आहे."

"विचार करा, प्राध्यापक. पाऊस लागला की त्या धावपट्टीवर चिखल. मग दसऱ्यानंतरच."

"चालेल."

"नक्की? तुम्ही तर पंधरा दिवसांत चार फोन केले होते."

"नक्की."

संध्याकाळी त्याने हे आबांना सांगितले तेव्हा ते वायर सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "साहेबांच्या लक्षातही आलं नसतं कदाचित. पास करून गेले असते."

"म्हणूनच," प्राध्यापक म्हणाला.

आबा थोडे हसले. पत्नी गेल्यानंतर प्रथमच. "प्रोफेसर, शिकायला लागलास म्हणायचं."

पावसाळाभर दोघांनी पॅनेलचे काम केले. आबांची दुपार दर सोमवारी दहा मिनिटांनी लहान होत गेली. श्रावण लागला तेव्हा ती अर्ध्या तासावर आली होती. लेथवाल्याने पोस्टाचा विषय काढणे सोडून दिले होते. बाराला तो स्वतःच सायकलच्या वाटेतला पत्र्याचा तुकडा बाजूला सरकवून ठेवी. दसऱ्यानंतर निरीक्षक आला, त्याने सगळे स्विच उलटसुलट करून पाहिले आणि सही केली. दिवाळीच्या पुढच्या आठवड्यात विमान उडाले. अकरा मिनिटे हवेत राहिले आणि व्यवस्थित उतरले.

त्या दिवशीही आबा बाराला घरी गेले होते. शेवटची वीस मिनिटे कमी करायची राहिली, ती राहिलीच.