कोनाड्यातला काजवा

त्या राज्यात दारांना कडीकुलपे नव्हती. दार सांगितल्यावर उघडे, आणि उघडले नाही तर का उघडत नाही हेही स्वतःच सांगे. फक्त त्याचा आवाज कोरडा आणि बोलणे लांबलचक, त्यामुळे ते शेवटपर्यंत कोणी ऐकत नसे.

टिपरी नावाची खार तिथे नवखी होती. पुराने तिचे मित्र चार दिशांना पांगले होते. सगळ्यांनी पुन्हा एकत्र खेळावे म्हणून तिने एक मैदान मागून घेतले आणि हौसेने त्या संध्याकाळचे आमंत्रणही धाडून टाकले. त्यांच्यातले दोघे करकोचे दुसऱ्या दिवशी कायमचे दूरदेशी निघणार होते. भेट व्हायची तर आजच.

मैदानाच्या दाराला नुसते सांगून भागत नसे, पण ते उघडायची रीत सोपी होती. दाराच्या आतल्या बाजूला एकच कोनाडा. त्यात काजवा बसवायचा, तो हळूहळू तापून उजळला की दार उघडे. टिपरीने सकाळी दाराच्या फटीतून काजवा आत सोडला आणि लगेच उजेड दिसेना म्हणून दुसरा आणला. दाराने काहीतरी पुटपुटत त्याला परत पाठवले. तिने तिसरा आणला, दार बडवले, गयावया केली. एक साळुंकी जाता जाता म्हणाली, "अगं, राजाच्या नावानं हुकूम सोड की!" टिपरीने तोही सोडला. दार ढिम्म हलले नाही.

दुपार कलली तशी ती रडकुंडीला आली. रस्त्याने चाललेली एक म्हातारी घोरपड थांबली. ओळख ना पाळख.

"दार काय म्हणालं?" तिने विचारले.

"नाही म्हणालं, आजी."

"ते तू म्हणतेस. दार काय म्हणालं?"

टिपरी ओशाळली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने दाराला कान लावला. दार म्हणत होते, "कोनाडा रिकामा नाही. आत आधीच एक जण बसला आहे. दुसऱ्याला जागा देता येत नाही."

आता हा चोर कोण, म्हणून तिने फटीतून डोकावले. आत तिचाच पहिला काजवा अंग चोरून बसला होता.

"तुम्हीच बसवलंत ना?" तो म्हणाला. "जरा तापत आलो की तुम्ही दार बडवता. मी दचकून विझतो."

टिपरीला हसू आले आणि रडूही. बाकीच्या काजव्यांना तिने घरी पाठवले आणि हात मांडीखाली दाबून गप्प बसली. तसे बसणे फार अवघड गेले. मग फटीतून पिवळा उजेड आला, वाढत गेला, आणि दार मुकाट्याने उघडले.

मित्र आले. दोघे करकोचे आल्या आल्या नाचायलाच लागले. ज्या अनोळखी जिवामुळे हे दिसले, त्याचे उपकार कसे फेडावे ते टिपरीला कळेना. आजींना निदान खेळायला तरी बोलवावे म्हणून ती बाहेर धावली.

घोरपड दोन दारे पुढे गेली होती. तिथे एक साळिंदर दाराला टकरा मारून मारून दमले होते आणि ती त्याच्याजवळ वाकून काहीतरी विचारत होती. मागून मित्र टिपरीला हाका मारत होते. "तुम्ही सुरू करा, मी आलेच," ती म्हणाली, आणि साळिंदराच्या काट्यांतून अंग सांभाळत तिने त्याच्या दाराला कान लावला.