धनुष्याच्या पाठीवरची कातडी

फार पूर्वी सातपुड्यात रुपजी नावाचा एक धनुष्य घडवणारा राहत होता. समुद्रापलीकडून आलेली एका विषारी सापाची नक्षीदार कातडी त्याने शोभेसाठी नव्या धनुष्याच्या पाठीवर सरस लावून चिकटवली. धनुष्य असं काही भेदरलं की ताठच झालं. कितीही दोरी ओढली तरी वाकेना.

“जेवून आल्यावरही वाकलं नाहीस, तर चुलीत घालीन हो,” असं म्हणून रुपजी घरात गेला.

“वाक ना रे बाळा,” पाठीवरून कातडी म्हणाली.

“नको! जरा हललं की तू चावशील!”

“कशाने चावू? दात आणि विष तिकडेच राहिलं. आणि खरं सांगू? तो सापच भित्रा होता. पाऊल वाजलं की थरथरायचा. जन्मभर त्याला मीच लपेटून होते.”

धनुष्याने हळूच विचारलं, “तो गेला कसा गं?”

“एका माणसाला दिसला. माणूसही घाबरला, आणि त्याने काठी घातली.”

रुपजी परत आला आणि त्याने दोरी ओढली. धनुष्य वाकलं, पण अगदी सावकाश, कातडीला ताण बसू नये म्हणून.