वन्स मोअरची बंदी

द्वारकाबाईंचं संगीत नाटक दोन दिवसांत पडणार, असं थेटरमालक तात्यासाहेब गावभर सांगत सुटले होते. नाटक महिनाभर हाउसफुल्ल! मग चिडून त्यांनी फर्मान काढलं, “वन्स मोअर बंद. नटांनी पद दुसऱ्यांदा गायलं की गाशा गुंडाळायचा!”

त्या दिवशी पहिल्याच पदाला “वन्स मोअर!”चा गिल्ला झाला. द्वारकाबाईंनी हात जोडले. “मालकांनी आम्हांला मनाई केलीय बाबांनो, तुम्हांला नाही. तुम्हीच म्हणा!” पेटी वाजली आणि अख्खं थेटर गायला लागलं.

तात्यासाहेबांनी तणतणत द्वारकाबाईंना विंगेत बोलावलं. “बाई, हुकूम मोडलात!”

“आम्ही तोंडसुद्धा उघडलं नाही. तिकीट काढणाऱ्यांना गप्प करायचंय? जा की स्टेजवर, सांगा!”

तात्यासाहेबांनी डोकावून पाहिलं. पहिल्या रांगेत त्यांच्या मातोश्रीच सगळ्यांपेक्षा वरच्या पट्टीत गात होत्या.

बंदी मध्यंतरालाच उठली.